इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधावं: माझ्या वर्गातली पद्धत

'प्युपिल' हा शब्द मुलांना दोन ठिकाणी भेटतो. इंग्रजीच्या तासाला विद्यार्थी म्हणून, आणि सेमी इंग्रजीच्या विज्ञानात डोळ्याचा भाग म्हणून. बुबुळाच्या मधोमध असलेल्या त्या काळ्या छिद्राला मराठीत आपण बाहुली म्हणतो. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे, हे वर्गात कुणी ना कुणी विचारतंच. गंमत अशी, की याचं अर्धं उत्तर मराठी मुलाला आधीच ठाऊक असतं. लॅटिनमध्ये 'पूपा' म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली, आणि 'पूपिल्ला' म्हणजे इवलीशी बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की तिथे आपलीच चिमुकली आकृती दिसते. त्यावरून रोमन लोकांनी डोळ्याच्या त्या भागाला हे नाव दिलं. ग्रीक लोक त्यालाच 'कोरे' म्हणत, म्हणजे मुलगी. संस्कृतातल्या 'कनीनिका' शब्दातही लहान मुलीचाच अर्थ आहे. आणि आपली बाहुली तर आहेच.

विद्यार्थी हा अर्थ याच घराण्यातून, पण दुसऱ्या दाराने आला. 'पूपिल्लुस' म्हणजे आईवडील गेलेलं, दुसऱ्याच्या सांभाळात असलेलं मूल. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात याच अर्थाने आला आणि सोळाव्या शतकात गुरूच्या हाती सोपवलेल्या मुलालाही लागू झाला. एवढं सांगितल्यावर 'प्युपिल'चे दोन्ही अर्थ मुलं विसरत नाहीत.

मी सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. रोज दहा शब्द अर्थासह पाठ करा, हा गृहपाठ मी देत नाही. परीक्षा झाली की ते शब्द जातात. त्याऐवजी मी मुलांना शब्दाचा माग काढायला शिकवते. यात माझी अट एकच असते: सापडलेलं मूळ खरं असलं पाहिजे. शब्दांच्या नावाने मोबाइलवर इतक्या रचलेल्या गोष्टी फिरतात की मुलं त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून आणतात, आणि तिथूनच माझं काम सुरू होतं. ही पद्धत घरी पालकांना वापरता येईल आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही.

साधनं कोणती, आणि ती वाचायची कशी

मोबाइल असेल तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हा विनामूल्य कोश पहिला उघडा. त्याला 'एटिमऑनलाइन' असंही म्हणतात. शब्द टाकला की तो इंग्रजीत साधारण कोणत्या काळात आला, कोणत्या भाषेतून आला आणि मागे कुठपर्यंत जातो, हे एका परिच्छेदात मिळतं. मेरियम-वेब्स्टरच्या संकेतस्थळावर प्रत्येक शब्दाखाली 'फर्स्ट नोन यूज' असा मथळा असतो. तिथे पहिल्या ज्ञात वापराचं साल किंवा शतक दिलेलं असतं. सगळ्यात मोठा आधार ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा. ती पूर्ण वाचायला वर्गणी लागते, पण शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात विचारून पाहा.

ऑक्सफर्डवर एवढा विश्वास का, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. असा कोश हवा ही मागणी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली. १८७९ पासून जेम्स मरे त्याचे संपादक झाले. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं झालं १९२८ साली, मरे यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी. मरे यांनी घराच्या आवारात पत्र्याची खोली बांधली आणि जगभरच्या वाचकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, एखादा शब्द कुठे, कोणत्या साली, कशा वाक्यात आला ते एका चिठ्ठीवर उतरवा आणि धाडून द्या. लाखो चिठ्ठ्या आल्या. बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवलेले फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन पंडित या कामात वर्षानुवर्षं विनामोबदला राबले. त्यामुळे या कोशातलं साल एखाद्या विद्वानाचा अंदाज नसतो. त्यामागे कुणीतरी प्रत्यक्ष वाचलेलं वाक्य असतं.

आता नोंद वाचायची कशी. छापील कोशात व्युत्पत्ती बहुधा चौकोनी कंसात असते, आणि मुलं नेमका तोच कंस सोडून पुढे जातात. त्यातली '<' ही खूण 'याच्यापासून' अशी वाचायची. 'ओई' म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण अकराव्या शतकापर्यंतची. 'एमई' म्हणजे त्यानंतरची, पंधराव्या शतकापर्यंतची मध्य इंग्रजी. 'ओएफ' म्हणजे जुनी फ्रेंच, 'ओएन' म्हणजे जुनी नॉर्स, 'एल' म्हणजे लॅटिन. एखाद्या रूपाआधी * ही चांदणी असेल, तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी नियमांवरून ते मांडलेलं आहे, असं समजायचं. आणि 'ओरिजिन अननोन' असं लिहिलेलं असेल तर तेही मानाने स्वीकारायचं. मूळ ठाऊक नाही असं छापायला धैर्य लागतं. ते छापणाऱ्या कोशाच्या बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास आणखी बसतो.

पहिला प्रश्न: कोणत्या साली?

"मॅडम, न्यूजचा फुल फॉर्म नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ." हे वाक्य दरवर्षी येतं. चार दिशांकडून येते ती बातमी, ही कल्पना गोड आहे. पण जुन्या इंग्रजी लिखाणात हा शब्द 'न्यूएस' असाही लिहिलेला सापडतो, दोन 'ई' असलेला. मग ती जास्तीची 'ई' कोणत्या दिशेची? चौदाव्या शतकात फ्रेंचमधल्या 'नूव्हेल', म्हणजे नव्या गोष्टी, या शब्दाच्या धर्तीवर इंग्रजांनी 'न्यू'चं अनेकवचन केलं. इतकं साधं आहे ते. आपणही भेटल्यावर "काय नवीन?" असंच विचारतो ना.

फुल फॉर्मवाल्या सगळ्या गोष्टींना मी एकच चाचणी लावते. आद्याक्षरं जुळवून बोलता येईल असा शब्द तयार करण्याची रीत विसाव्या शतकात रुळली. त्याआधी ती फार क्वचित दिसते. 'रडार' खराच असा शब्द आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. 'लेझर' तसाच, त्यानंतरचा. पण शब्द त्याहून शंभर-दोनशे वर्षं जुना असेल तर फुल फॉर्म बहुतेक नंतर चिकटवलेला असतो. 'गोल्फ'मध्ये स्त्रियांना बंदी, म्हणून त्या अर्थाच्या चार शब्दांची आद्याक्षरं, असं सांगतात. स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल खेळायला मनाई केली ती १४५७ साली, आणि त्या कायद्यात गोल्फचं नाव आहे. 'फॅमिली' म्हणजे 'फादर अँड मदर आय लव्ह यू', असं भिंतीवर रंगवलेलं मी पाहिलं आहे. लॅटिन 'फामिलिया' म्हणजे घरातली सगळी माणसं, त्यात नोकरचाकर मुख्य, कारण 'फामुलुस' म्हणजे नोकर. आईवडील आणि मुलं एवढ्यापुरता अर्थ सतराव्या शतकातला.

'कॉम्प्युटर'चा लांबलचक फुल फॉर्म तर आपल्याकडे संगणकाच्या क्लासमध्ये पाठ करून घेतात आणि परीक्षेतही विचारतात. याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. हा शब्द इंग्रजीत १६१३ सालापासून सापडतो आणि तेव्हा त्याचा अर्थ होता हिशेब करणारा माणूस. खगोलशास्त्रज्ञांकडे, विम्याच्या कचेऱ्यांत आकडेमोड करायला माणसं ठेवत. ती माणसं म्हणजे कॉम्प्युटर. यंत्र पुढे आलं आणि त्याने त्यांचं नाव घेतलं. मुलांना हे कळलं की 'कॉम्प्युट' हे क्रियापद आपोआप समजतं. फुल फॉर्म पाठ करून त्यातलं काहीच समजत नाही.

'पॉश'ची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे, म्हणून जरा थांबते. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत प्रवासी उन्हाची बाजू टाळण्यासाठी जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली घेत. त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची चार अक्षरं छापलेली असत, अशी ही गोष्ट. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. कंपनीच्या कागदपत्रांतही त्याचा मागमूस नाही. 'पॉश' छापील लिखाणात दिसू लागतो तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, आणि त्याचं मूळ अजून पक्कं झालेलं नाही.

उलट 'ओके' पाहा. इतका किरकोळ दिसणारा शब्द, पण त्याचा जन्मदिवस पक्का आहे: २३ मार्च १८३९, 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट' हे वर्तमानपत्र. त्या काळी तिथे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं लिहिण्याची लाट होती. 'ऑल करेक्ट' हे 'ओल कोरेक्ट' असं लिहून त्याचं 'ओके' केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या 'ओल्ड किंडरहुक' या टोपणनावालाही ही अक्षरं जुळली आणि शब्द देशभर गेला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून हे सिद्ध केलं. पुरावा कसा असावा याचं हे उत्तम उदाहरण आहे.

माणसाच्या नावावरून आलेल्या शब्दांचंही साल सहज मिळतं. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. कुणी त्याचं पीक कापेना, कुणी दुकानात माल देईना. त्याच्या आडनावाचं त्याच वर्षी क्रियापद झालं. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या काळात टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' आला तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला हाच शब्द वापरत होती.

दुसरा प्रश्न: कोणत्या वाटेने?

इंग्रजीत शब्दांचे तीन मोठे थर आहेत. तळाशी जर्मन घराण्यातले रोजचे, छोटे शब्द: हाउस, वॉटर, ब्रेड, ईट, स्लीप. त्यात डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांचे नॉर्स शब्द मिसळलेले: स्काय, एग, नाइफ, विंडो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबार, न्यायालय, मेजवानी यांची भाषा फ्रेंच झाली. कोर्ट, जज, गव्हर्नमेंट, बीफ, मटन हे त्या थरातले. मग सोळाव्या-सतराव्या शतकात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून हवे तेवढे शब्द उचलले.

हे मराठी माणसाला समजवायला वेळ लागत नाही. आपल्याकडे घरातले शब्द प्राकृतातून झिजत आलेले, कचेरीतले दावा, वकील, फिर्याद, तारीख हे फारसी-अरबीतून, आणि शास्त्रातले संस्कृतातून उचललेले. शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, तो दुसरा थर इतका जाड झाला होता म्हणूनच. इंग्रजी शब्द समोर आला की तो कोणत्या थरातला असेल याचा आधी अंदाज करा आणि मग कोश उघडा. 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल' या तिन्हींचा अर्थ जवळपास एकच. पहिला घरचा, दुसरा फ्रेंचमधून, तिसरा थेट लॅटिनमधून. शेवटचे दोन आपल्या 'राजा'चे नातलग आहेत.

काही शब्दांची वाट फार लांबची असते. आपली 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर', तिथून भूमध्य समुद्र ओलांडून जुन्या फ्रेंचमध्ये 'सुक्र' आणि शेवटी 'शुगर'. ऊस जसा पश्चिमेकडे गेला तसं नाव गेलं. 'खंड', म्हणजे साखरेचा खडा, फारसीत 'कंद' आणि अरबीत 'कंदी' होऊन 'कँडी' झाला. आपली खडीसाखर हाच अर्थ अजून सांभाळून आहे. 'नारंग'ही याच वाटेने गेला आणि 'ऑरेंज' झाला, पण त्यातला 'न' कुठे गेला? 'अ नॉरेंज'चं 'ॲन ऑरेंज' झालं, असं बरेच जण सांगतात. ते बरोबर नाही. 'न' गळाला तो इटालियन-फ्रेंचमध्येच. इंग्रजीत शब्द पोहोचला तेव्हा तो गळालेलाच होता.

मात्र 'न' असा इकडून तिकडे उडी मारतो, हे खरं आहे. 'एप्रन' पूर्वी 'नेप्रन' होता, 'नॅपकिन'चा भाऊ. 'निकनेम' हा 'ॲन ईकनेम', म्हणजे जादाचं नाव, यातून आला. माझ्या वर्गात सगळ्यात आवडतं उदाहरण 'अंपायर'चं. मध्य इंग्रजीत तो 'नूंपर' होता, जुन्या फ्रेंचमधला 'नोंपेर'. 'नों' म्हणजे न, आणि 'पेर' म्हणजे जोडीतला, बरोबरीचा. जो कुठल्याच जोडीत बसत नाही तो तिसरा, म्हणून दोघांच्या भांडणात निवाडा करणारा. याच 'पेर'पासून 'पीअर' आला आणि त्याच्या लॅटिन मुळातून 'पेअर'. एका शब्दाला हात घातला की तिघे असे हाती लागतात.

तिसरा प्रश्न: नातलग की केवळ सारखा दिसणारा?

मराठी, संस्कृत येणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे आणि घसरण्याचा धोकाही इथेच. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात. याचा अर्थ इंग्रजी संस्कृतातून निघाली असा होत नाही. दोघी एकाच पणजीच्या नाती आहेत.

नातं ओळखायचा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडला. जर्मन घराण्यात काही व्यंजनं ठरावीक पद्धतीने बदलली. 'प'चा 'फ' झाला: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. 'त'चा 'थ' झाला: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन. 'द'चा 'ट' झाला: दंत आणि टूथ, दश आणि टेन. 'ग'चा 'क' झाला: गो आणि काऊ. फळ्यावर हे लिहा आणि शेजारी लॅटिनमधून उसने आलेले शब्द लिहा: पॅटर्नल, पेडल, ट्रिपल, डेंटल. त्यांत 'प', 'त', 'द' शाबूत आहेत, कारण लॅटिनमध्ये तो बदल झालाच नव्हता. फूट आणि पेडल हे एकाच मुळाचे दोन शब्द, एक घरचा, एक उसना. दंतवैद्याला 'डेंटिस्ट' का म्हणतात आणि दाताला 'टूथ' का, हा प्रश्न तिथेच मिटतो.

'नो' म्हणजे जाणणे, यातला न उच्चारला जाणारा 'के'ही या नियमाने समजतो. जुन्या इंग्रजीत तो उच्चारला जाई, आणि तो 'ज्ञा' धातूतल्या 'ज'च्या जागचा आहे. सगळी मुकी अक्षरं मात्र अशी कुलीन नसतात. 'डेट', म्हणजे कर्ज, यात 'बी' मागाहून घातला. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हता. लॅटिनमध्ये 'देबितुम' आहे हे दाखवायला पंडितांनी तो लिहायला सुरुवात केली. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकीच्या नात्यावरून घुसला.

आता धोका. 'नॅव्हिगेशन' हा 'नवगति'पासून आला, असं फिरतं. खरं असं, की लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. 'नाविस' आपल्या 'नौ'चा सख्खा नातलग आहे, पण 'नवगति' असा शब्द रोमनांनी कधी घेतला नाही. 'जॉमेट्री' म्हणजे 'ज्यामिती', हेही तसंच. 'गे' म्हणजे ग्रीकमध्ये पृथ्वी, आणि 'मेत्रोन' म्हणजे माप. मराठीत आपण भूमिती म्हणतो, तोच अर्थ. 'मिती' आणि 'मेत्रोन' नातलग आहेत, 'ज्या' आणि 'गे' नाहीत. सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी जुळतात ती लॅटिन आकड्यांच्या नात्याने. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून डिसेंबर दहावा. हे पुरेसं विलक्षण आहे, त्यावर आणखी मुलामा चढवायची गरज नाही.

आणि निव्वळ योगायोगही असतात. फारसीत 'बद' म्हणजे वाईट. आपल्या बदनाम, बदसूर या शब्दांत तो आहे. इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट. या दोघांचा काहीही संबंध नाही. एखादा शब्द पटकन जुळला की मी मुलांना 'बद' आणि 'बॅड'ची आठवण देते.

चौथा प्रश्न: अर्थ कुठून कुठे गेला?

'नाइस' लॅटिन 'नेस्कियुस'पासून आला, म्हणजे न जाणणारा, अडाणी. सन १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. मग नखरेल, मग चोखंदळ, मग नाजूक, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात छान. 'सिली' नेमका उलट गेला: आधी सुखी, भाग्यवान, मग निष्पाप, मग बिचारा, शेवटी बावळट. 'मीट' म्हणजे कोणतंही अन्न. 'स्वीटमीट', म्हणजे मिठाई, यात तो जुना अर्थ उरला आहे. 'डिअर' म्हणजे कोणताही प्राणी. 'स्टार्व्ह' म्हणजे नुसतं मरणे, भुकेचा संबंध नंतरचा.

यासाठी अर्थांची यादी उलटी वाचा, सगळ्यात जुन्यापासून. आणि दर टप्प्याला विचारा, आपल्याकडे असं कुठे झालंय? 'हजबंड' म्हणजे नॉर्समध्ये 'हूसबोंडी', घराचा मालक. लग्नाशी त्याचा आधी संबंध नव्हता. गावाकडे अजून नवऱ्याला घरधनी म्हणतात. 'लॉर्ड' हा जुन्या इंग्रजीत 'हलाफवेअर्ड', भाकरी राखणारा, आणि 'लेडी' भाकरीचं पीठ मळणारी. धन्याला अन्नदाता म्हणणाऱ्या भाषेला हे परकं वाटत नाही. 'विंडो' म्हणजे नॉर्समध्ये वाऱ्याचा डोळा. संस्कृतात खिडकीला वातायनही म्हणतात आणि गवाक्षही, एकात वारा आहे, दुसऱ्यात डोळा. 'क्लू' म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थीसियस भुलभुलैयातून दोऱ्याच्या आधाराने बाहेर पडला, त्यावरून तो तपासाचा शब्द झाला. आपले पोलीसही धागेदोरे शोधतात. इथे मात्र नातं सांगू नका. दोन्हीकडच्या माणसांना स्वतंत्रपणे तेच सुचलं आहे.

'सॅलरी'बद्दल एवढंच: तो लॅटिन 'साल', म्हणजे मीठ, यावरून आला हे खरं, आणि प्लिनी या रोमन लेखकाने तो संबंध सांगितलाही आहे. पण सैनिकांना पगार म्हणून मीठच मोजून देत, असं तो म्हणत नाही.

आपल्याकडून गेलेले शब्द

यासाठी दोन जुने कोश हवेत. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन', १८८६ सालचा, भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा. मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या घोषाचं गोऱ्या सैनिकांनी जे करून टाकलं तेच त्याचं नाव. दुसरा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या संकेतस्थळावर दोन्ही विनामूल्य वाचता येतात.

'मंगूस' हे आपलं मुंगूस, इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीस गेलेलं. म्हणून त्याचं अनेकवचन 'गूस'सारखं 'मंगीज' होत नाही, 'मंगूसेस' होतं. 'शांपू' म्हणजे आधी चंपी. अठराव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ अंग रगडणे असाच होता. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला हमामखाना काढून हा शब्द तिथे लोकप्रिय केला. केस धुण्याचा अर्थ त्यानंतरचा. 'जंगल' संस्कृत 'जांगल'पासून, आणि आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख. इंग्रजीत 'जंगल' म्हटल्यावर दाट, ओलं अरण्य डोळ्यांपुढे येतं, नेमकं उलट.

'टँक' मात्र सावकाश पाहा. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या पाण्याच्या साठ्यासाठी आला. कोशकार गुजराती 'टांकू' आणि मराठी 'टाकं' यांच्याकडे बोट दाखवतात. शिवनेरीवर गंगा-जमुना या खडकात खोदलेल्या टाक्या पाहिल्या असतील, तर तेच टाकं. पण पोर्तुगीजमध्ये 'तांके' असा शब्द आहे, अर्थ तोच, आणि तो त्यांच्या स्वतःच्या, पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदातून आल्याचं सांगतात. दोन्ही शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांना भेटले आणि इंग्रजांनी दोन्ही ऐकले. लढाईतला रणगाडा 'टँक' झाला तो पहिल्या महायुद्धात. गुप्तता राखायला ही वाहनं म्हणजे पाण्याच्या टाक्या आहेत, असं भासवलं गेलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ती पहिल्यांदा उतरली आणि नाव तसंच राहिलं.

अशा शब्दापुढे वहीत काय लिहायचं? माझी मुलं एका शब्दाला अर्धं पान देतात. वर शब्द आणि इंग्रजीतलं पहिलं साल किंवा शतक. खाली वाट, '<' ही खूण वापरून, एका ओळीत. मग सगळ्यात जुना अर्थ आणि आजचा अर्थ, आणि मध्ये काय घडलं त्याचं एक वाक्य. शेजारी त्याचे इंग्रजीतले भाऊबंद: 'अंपायर'जवळ पीअर आणि पेअर, 'टूथ'जवळ डेंटल. सगळ्यात खाली कोशाचं नाव. ऐकीव गोष्ट असेल तर ती लिहायला मनाई नाही, पण पेन्सिलने लिहायची आणि पुढे 'पुरावा?' असं विचारायचं. 'टँक'च्या पानावर दोन्ही वाटा पेनाने येतात, एकीखाली एक, कोशांच्या नावांसह, आणि दोघींपैकी एकीवरही काट मारायची नाही.